गरब्याचा पास आणि गुड फ्रायडेची रजा

(बडोद्याच्या एका वाचकाच्या लांब पत्राचा हा सारांश. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

वय २६. मराठी ख्रिस्ती कुटुंब. आजोबा नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हापासून सगळे इथलेच. मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाची; वडील चर्चच्या कमिटीवर. पत्रलेखक अलकापुरीत एका खासगी कंपनीत नोकरीला आहे. मित्र गुजराती आणि मराठी, सगळे हिंदू. त्यांनी यंदा त्याच्यासाठीही नवरात्राच्या नऊ रात्रींचा पास काढला आहे. वडिलांच्या मते गरबा म्हणजे मूर्तिपूजा, विषय संपला. मित्रांबरोबर अधूनमधून दमणची सहल होते. तो पीत नाही, पण परतताना गाडी तोच चालवतो आणि डिकीत बाटल्या असतात. रात्री एक-दीडपर्यंत मोबाइलवर मालिका चालतात, त्यातल्या काही वडिलांसमोर बघता येणार नाहीत अशा. रविवारच्या उपासनेत मन लागत नाही. पत्राच्या अगदी शेवटी तो लिहितो, की तो ख्रिस्ती आहे हे ऑफिसात आणि मित्रांत कुणालाच माहीत नाही. आडनावामुळे लोक राजघराण्याशी नातं आहे का म्हणून विचारतात, तो हसून विषय बदलतो. गुड फ्रायडेला दरवर्षी पोट बिघडल्याचं सांगून रजा घेतो. त्याचा प्रश्न: जगात राहून विश्वासू राहायचं तर नक्की काय काय सोडावं लागेल? यादी द्या.

*

सलाम. पत्रात मला ताई म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते.

यादी काही मी देणार नाही. मीही ख्रिस्ती घरातच वाढले. आमच्या वेळच्या यादीत सिनेमा होता, पत्ते होते, लॉटरीचं तिकीट होतं आणि बायकांसाठी टिकली. त्यातलं निम्मं आज पाळकसाहेबांच्या घरातही चालतं आणि कुणाचं काही बिघडलेलं दिसत नाही. उलट तेव्हा ज्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, ते आज माणसं उशाशी चार्जिंगला लावून झोपतात. अशा याद्या बहुतेक वेळा मागच्या पिढीच्या मोहांच्या असतात. त्या पाळून दाखवणं सोपं असतं आणि पाळल्या की आपण सुटलो असं वाटू लागतं.

तुझ्या पत्रात गरब्यावर दोन पानं आहेत, मालिकांवर एक, दमणवर अर्धं. गुड फ्रायडेच्या रजेवर तीन ओळी, त्याही सहीच्या वर कशाबशा कोंबलेल्या. माझा जीव त्या तीन ओळींत अडकला. पण नवरात्र तोंडावर आलंय, मित्राने पैसे भरलेत, तेव्हा आधी गरबा.

वडील म्हणतात ती पूजा आहे. मित्र म्हणतात, अरे, नाच आहे, चल. दोघंही खरंच बोलतायत. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गुजरातचा गरबा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला तेव्हा सगळ्या राज्याला आनंद झाला, तुलाही झाला असेल. पण त्या नोंदीतही गरब्याला विधीचा आणि भक्तीचाच नाच म्हटलं आहे. मैदान केवढंही असो, मधोमध अंबा असते, नाहीतर भोकं पाडलेला मातीचा घट आणि आत दिवा. आरती होते. 'मी काही आरतीला जात नाही, मी नुसता नाचायला जातो,' असं तू लिहिलं आहेस. त्यात तू स्वतःची श्रद्धा सांभाळतोस, कबूल. पण त्याच फेरात नऊ दिवसांचे उपास धरलेली एखादी बाई तुझ्यापुढे असेल, तिच्यासाठी ते देवीभोवती फिरणं आहे. तिची भक्ती म्हणजे आपला व्यायाम, असं ठरवून स्वतःला शुद्ध ठेवायचं, हे मला पटत नाही. गरबा खोटा म्हणून टाळणाऱ्यापेक्षा तो खरा आहे म्हणून बाजूला उभा राहणारा ख्रिस्ती माणूस मला जास्त प्रामाणिक वाटतो.

तू विचारशील, शास्त्रात काय आहे? बायबलातलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढ आणि आठवा व दहावा अध्याय एका बैठकीत वाच. करिंथाच्या बाजारात मिळणाऱ्या मांसातलं बरंचसं आधी देवळात वाहिलेलं असे, आणि ते खावं की नाही यावरून तिथल्या मंडळीत तुमच्या घरासारखाच वाद पेटला होता. पौलाने त्यावर एका ओळीचा नियम केला नाही. बाजारात विकायला आलंय ते खुशाल खा, चौकशा करत बसू नका. कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण कुणी 'हे देवाला वाहिलेलं आहे' म्हणून सांगितलं, तर त्या सांगणाऱ्यासाठी बाजूला सारा. प्रत्यक्ष देवतेच्या पंगतीला मात्र बसू नका. आणि माझ्या खाण्याने एखाद्या दुबळ्या भावाला ठेच लागणार असेल, तर मी जन्मभर मांस खाणार नाही, असं तो म्हणतो. तुझ्या वडिलांना यातली पंगत आठवते. तुला बाजार आठवतो. दोघांनी अर्धा अर्धा पौल वाटून घेतलाय.

मी तो असा लावते. दसऱ्याला ऑफिसात फाफडा-जिलेबी आली, खा. दिवाळीत शेजारून फराळाचं ताट आलं, खा आणि नाताळात करंज्या भरून परत पाठव. प्रसाद म्हणून कुणी हातावर ठेवू लागलं तर नमस्कार करून 'मी घेत नाही' एवढं हसून सांग. मी तेच करते आणि आजवर कुणी भांडायला आलेलं नाही. आरतीचं ताट तुझ्यापुढे आलं तर हात न फिरवता मान लववून पुढच्याला जाऊ दे. गरब्याच्या फेरात मात्र मी स्वतः जाणार नाही. बाहेर खुर्चीवर बसून मैत्रिणींचे चणियाचोळीतले फोटो काढत बसेन. हा माझा निर्णय झाला. तुझा तुलाच घ्यायचाय, कारण रोमकरांच्या पत्रात पौल म्हणतो तसं, मनात शंका ठेवून जो खातो तो स्वतःच दोषी ठरतो. तुझ्या दोन पानांत मला नाचण्याची हौस भरपूर दिसली आणि शंकाही तेवढीच.

पण त्याआधी एक गोष्ट. या पासाचा निर्णय तू आत्ता घेऊच शकत नाहीस, कारण ज्याने पास काढला त्याला तू कोण आहेस हेच माहीत नाही.

नामानाची गोष्ट लहानपणी शब्बाथशाळेत ऐकली असशील. अरामी सेनापती, कोड झालेला, यार्देन नदीत सात वेळा बुडी मारून बरा झाला. मुलांना एवढीच सांगतात. पुढचा भाग मोठ्यांचा आहे, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात पाचव्या अध्यायात. बरा झाल्यावर तो त्याला बरं करणाऱ्या अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, यापुढे मी दुसऱ्या देवाला यज्ञ करणार नाही. पण माझा राजा माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोनाच्या देवळात जातो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी मला क्षमा असावी. आता अलीशा काय म्हणतो? नोकरी सोड म्हणत नाही. चालेल असंही म्हणत नाही. शांतीने जा, एवढंच. ऑफिसातल्या लक्ष्मीपूजनाला मागे उभं राहावं लागणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती नोकरदाराने ही ओळ वाचावी. फक्त हे विसरू नये, की नामानाने आपली अडचण स्वतःहून उघड सांगितली होती. बंदी म्हणून नेलेल्या यहुदी दानीएलाचंही तसंच. बाबेलात त्याने परकं नाव स्वीकारलं, परकी विद्या शिकला, दरबारात चाकरी केली. राजाच्या ताटातलं अन्न तेवढं नको होतं, तर लपूनछपून फेकून न देता अधिकाऱ्याला जाऊन विनंती केली, की दहा दिवस आम्हांला शाकभाजी आणि पाणी देऊन बघा.

म्हणून क्रम असा ठेव: आधी सांग, मग ठरव. सांगितल्यावरही मित्र म्हणाले 'मग काय झालं, चल', आणि तुझं मन स्वच्छ असेल, तर घरी वडिलांना सांगून जा, आरतीच्या वेळी बाहेर थांब. मन खात असेल तर नको जाऊस. अलीकडे काही ठिकाणी गरब्याच्या दारावर ओळखपत्रं तपासण्याची मागणी होते, ही गोष्टही तुला माहीत आहेच. जिथे आत जाण्यासाठी तुला नाव-गाव लपवावं लागेल तिथे जाऊ नकोस. ते धोक्याचं आहे, आणि धोका नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

आता त्या तीन ओळी.

आडनावाने तुला आपोआप आडोसा मिळालाय आणि इतकी वर्षं तू त्यामागे उभा आहेस. काळ कसा आहे ते मलाही कळतं. धर्म कपाळावर लिहून हिंडावं असं मी कुणाला सांगणार नाही, विशेषतः ज्यांच्या नोकरीला किंवा घराला त्याने धोका पोचू शकतो त्यांना तर नाहीच. गप्प राहण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण तू गप्प नाहीस, तू पोट बिघडल्याचं सांगतोस. तेही नेमकं त्या दिवशी. ज्या दिवसाची आठवण म्हणून आपण गुड फ्रायडेला चर्चमध्ये बसतो त्याच्याच आदल्या रात्री येशूच्या शिष्याने, पेत्राने, तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं होतं. पेत्र काही वाईट ठिकाणी गेला नव्हता. प्रभूच्याच मागोमाग गेला होता, थंडी होती म्हणून अंगणात शेकत उभा राहिला. वडिलांच्या यादीत बसेल असं काहीही त्याने केलं नव्हतं. आणि त्याची तर गालीली बोली त्याला उघडं पाडत होती, तुझं आडनाव तुला झाकतंय.

हे वाचून मान खाली घालू नकोस. पेत्राचं पुढे काय झालं तेही तुला माहीत आहे, प्रभूने त्याला पुन्हा जवळ घेतलं. मला एवढंच दाखवायचंय की तू जगाचा मोह मैदानात, दमणमध्ये आणि पडद्यावर शोधतोयस, आणि तो तुला मिळालाय रजेच्या अर्जावर. सगळ्यांसारखं दिसण्याचा मोह. त्याला दारूचा वास येत नाही, म्हणून कमिटीत कुणी विचारत नाही.

काय करायचं? जाहीर घोषणा नको, स्टेटस नको, गळ्यात मोठा क्रूसही नको. जो मित्र सर्वांत जवळचा आहे, बहुधा पास काढणाराच, त्याच्याबरोबर एकट्याने चहाला जा. म्हण, 'तुला सांगायचं राहून गेलं, आमचं घर ख्रिस्ती आहे. गरब्याचं म्हणूनच माझं अडतंय.' एवढं पुरे. तो बहुधा म्हणेल, मग नाताळला केक का नाही आणलास इतकी वर्षं? क्वचित एखादा दुरावेलही, ते मी नाकारत नाही. दुरावलाच, तर त्याची मैत्री तुझ्याशी होती की आडनावाशी, तेही कळेल. ऑफिसात पुढच्या वर्षी रजेच्या कारणात 'गुड फ्रायडे' लिही. केंद्र सरकारच्या सुट्ट्यांत तो दिवस आहे, त्यामुळे तू काही जगावेगळं मागत नाहीस. कुणी विचारलं तर उत्तर दे, नाही विचारलं तर बरंच. आणि तुझ्या ऑफिसात हे सांगणं खरोखर जोखमीचं असेल, ते तुलाच ठाऊक, तर 'वैयक्तिक कारण' लिही. तेही खरंच आहे.

दमणबद्दल मी लांबण लावत नाही. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे. बाटली हद्दीच्या अलीकडे आणणं हा गुन्हा आहे, गाडीही जप्त होऊ शकते आणि स्टिअरिंगवर तू असतोस. हा प्रश्न पाळकांकडे जाण्याआधी पोलिसांकडे जाईल. जायचं तर जा, समुद्र बघ, मासे खा, पण निघताना डिकी उघडून बघायची आणि बाटली दिसली तर किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची. त्यांना वाटेल हा पंतोजी झाला. वाटू दे.

मालिकांबद्दल तुझं गृहीत मला जरा तपासून बघायचंय. 'वडिलांसमोर बघता येणार नाही' हे तू माप लावलं आहेस. ते अपुरं आहे. वडिलांसमोर बघता येतील अशा कित्येक मालिकांत सासू-सुना रात्रभर एकमेकींच्या जेवणात विष कालवतात, आणि ते घरची मंडळी प्रार्थना करून उठल्यावर एकत्र बसून बघतात. उलट काही कठीण, उघडीवाघडी गोष्ट माणसाच्या दुःखाबद्दल तुला अधिक शहाणं करू शकते. तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी मनात काय उरलंय ते बघ. एखाद्या पात्राची कणव उरली असेल तर ठीक. नुसती शरीरं उरली असतील आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे त्याच डोळ्यांनी बघितलं जात असेल, तर ते बंद कर, वडिलांना कळो न कळो. आणि शनिवारी दीडला झोपून रविवारी सकाळच्या उपासनेत मन लागत नाही, याला मी सैतानाचा हल्ला म्हणणार नाही. तुझी झोप झालेली नाही. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद कर, चार्जर दिवाणखान्यात ने, शनिवारी अकराला दिवा मालव. आधी महिनाभर हे करून बघ, मग श्रद्धेबद्दल बोलू.

तुझ्या पत्रात आणखी एक समजूत दडलेली आहे: जग बाहेर आहे आणि चर्चच्या दाराच्या आत ते नाही. तुमच्या फतेगंजातच बघ. चर्चं तिथेच, विद्यापीठातल्या पोरांचे खाण्याचे अड्डेही तिथेच. योहानाच्या पहिल्या पत्रात जगातल्या गोष्टी तीन सांगितल्या आहेत: देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराची फुशारकी. पहिल्या दोनवर तरुण संघात व्याख्यानं होतात. तिसरीवर का होत नाहीत, ते कुठल्याही ख्रिस्ती लग्नाच्या रिसेप्शनला गेलास की कळेल. आणि उलट बाजूनेही बघ. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्यांनी भजन, अभंग, कीर्तन ही भोवतालच्या लोकांची रूपं मनापासून घेतली, म्हणून आज मराठी मंडळी टाळ-पेटीवर आपल्याच भाषेत प्रभूला गाते. भोवतालचं सगळंच विटाळ मानलं असतं तर आपल्या वाट्याला इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेली गीतंच आली असती. तेव्हा मित्रांत, गाण्यांत, या शहरात जे चांगलं आहे त्याचा आनंद घेताना चोरी केल्यासारखं वाटून घेऊ नकोस. बडोदं तुझंही आहे.

वडिलांशी बोलणं सगळ्यांत अवघड जाणार, हे मला दिसतंय. गरब्यावर वाद घालायला बसू नकोस, तिथे तुम्ही दोघंही पाठ केलेली वाक्यं म्हणाल. रजेची गोष्ट सांग. कदाचित ते गप्प होतील. रेल्वे कॉलनीत वाढताना त्यांनीही कधी विषय बदलला असेल, त्यांच्या वडिलांनीही. तीन पिढ्यांत तुमच्या घरी यावर कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही.

शेवटचं, आणि हे तुझ्यासारख्या बाकीच्यांसाठीही, मग ते इंदूरचे असोत, ग्वाल्हेरचे की पुण्याचे. हे एकट्याने जमत नाही. तुझी मंडळी मेथडिस्ट आहे म्हणून एक जुनी आठवण करून देते. हा पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या काळात मेथडिस्टांचे 'क्लास' असत, बाराएक माणसांचे, दर आठवड्याला भेटणारे. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या प्रार्थनाघराचं कर्ज फेडायचं होतं, म्हणून दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करायला घरोघर जाण्याची टूम निघाली. पैसे मागायला गेलेल्यांना घराघरांतली खरी हालत दिसू लागली, कुठे भांडण, कुठे दारू. मग पेनीबरोबर 'कसं चाललंय तुझं?' हेही विचारलं जाऊ लागलं. तुला बारा माणसं नकोत, दोन पुरेत. आपल्या वयाची, शक्य तर एक दुसऱ्या मंडळीतला, म्हणजे बातमी कमिटीपर्यंत जाणार नाही. तरुण संघाच्या सभेत हे जमणार नाही, तिथे सगळे इस्त्रीचे कपडे घालून साक्ष देतात. आठवड्यातून एकदा, ऑफिस सुटल्यावर, एका तासासाठी भेटा. घरी नको. चहाची टपरी चालेल. विषय एकच ठेवायचा: या आठवड्यात कुठे खोटं बोललास? सुरुवात तू कर. प्रार्थना शेवटी, आणि छोटी.